28 इंचांच्या पुढे, 31 च्या आत

बॉस्टनहून दक्षिणेला निघालं की तास-सव्वा तासात केप कॉड कालव्यावरचे उंच पूल दिसू लागतात. भाचा मला अंधारातच तिथे घेऊन गेला, कारण पाणी उलटायची वेळ गाठायची होती. 1914 साली खुला झालेला हा कालवा पूर्वेचा केप कॉड बे आणि पश्चिमेचा बझर्ड्स बे जोडतो. रुंदी 480 फूट. पाण्याला ओढ अशी की नदीच म्हणावी, फक्त ही नदी दिवसातून चार वेळा दिशा बदलते. बोटीतून इथे मासे धरायला बंदी आहे, काठावरून मुभा. म्हणून दगडांच्या उतारावर पहाटेपासून माणसं उभी. बरेचसे सायकलवरून आलेले, सायकलीला पाइपाचे तुकडे बांधून त्यांत रॉड खोचलेले.

मी रेवदंड्याचा. खडकावर गरवायला बसलेल्या माणसाची नजर मला लांबून ओळखू येते, आणि इथेही ती तीच होती. नवी वाटली ती जवळजवळ प्रत्येकाच्या सामानातली मोजपट्टी.

सगळे आले होते स्ट्राइप्ड बाससाठी. इथे त्याला नुसतं ‘स्ट्रायपर’ म्हणतात. बांधा आपल्या जिताड्यासारखा, अंग रुपेरी, त्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा. मॅसॅच्युसेट्स राज्याचा नियम भाच्याने गाडीतच सांगून ठेवला होता: हौशी माणसाला दिवसाला एकच मासा, तो निदान 28 इंच हवा, आणि 31 इंच भरला तर तोही सोडायचा. खरं आमिष लावायचं तर टोक आत वळलेला सर्कल हुकच हवा, म्हणजे गळ पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. आकडी मारून मासा वर ओढायचा नाही. साठीच्या पुढच्यांना परवान्याचं शुल्क नाही, पण परवाना काढावा लागतोच.

उजाडता उजाडता आमच्या शेजारच्या आजोबांचा रॉड वाकला. प्रवाहाने मासा बराच खाली ओढत नेला, आजोबा दगडांवरून तोल सांभाळत त्याच्यामागे गेले. आम्हीही गेलो. त्यांनी आधी हात पाण्यात ओले केले, मग मासा ओल्या दगडावर पट्टीला लावला. तोंड मिटवून, थोबाडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ माप. 34 इंच. क्षणाचाही विचार न करता ते पाण्यात गुडघाभर उतरले, जबडा धरून मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले उघडत-मिटत राहिले. शेपटीचा एक जोरदार फटका त्यांच्या मनगटावर बसला आणि मासा गेला. “मादी असणार, एवढी मोठी म्हणजे,” ते भाच्याला म्हणाले.

मला ते फार भावलं. आपल्याकडे लहान मासा सोडावा हे पटतं. मोठा सोडायचा हे जिवावर येतं. पण हिशेब मोठ्याचाच आहे. सहा वर्षांची मादी सुमारे पाच लाख अंडी देते, पंधरा वर्षांची तीस लाखांच्या घरात. 2022 मध्ये हौशी लोकांनी घरी नेलेले मासे आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट झाले, तेव्हा 2023 मध्ये किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मिळून असलेल्या आयोगाने तातडीने 31 ची वरची मर्यादा आणली. 2015 साली जन्मलेली मोठी पिढी वाचवायची होती, कारण त्यानंतरच्या बऱ्याच वर्षी पिल्लं फारच कमी निपजली.

आयोग लागतो, कारण या माशाला राज्याची हद्द ठाऊक नाही. बहुतेक स्ट्रायपर जन्मतात चेसापीकच्या नद्यांत, मेरीलँड-व्हर्जिनियाकडे, आणि उन्हाळ्यात इकडे उत्तरेला येतात. तिथे बेसुमार मारले तर इथली पट्टी काय कामाची? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा मासा संपत आला होता. 1984 मध्ये संसदेला कायदा करावा लागला, 1985 पासून मेरीलँडने मासेमारी पाच वर्षं पूर्ण बंद ठेवली. 1995 मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. आता पुन्हा ओढाताण सुरू आहे.

सोडला म्हणजे वाचला, असंही नाही. सोडलेल्या शंभरांतले नऊ मरतात असं शास्त्रज्ञ हिशेबात धरतात. आणि सोडलेल्यांची संख्या एवढी प्रचंड, की काही वर्षी हौशी लोकांच्या हातून मेलेल्या माशांत निम्म्याच्या आसपास असे सोडल्यावर मेलेले भरतात. म्हणून आजोबांनी ओले केलेले हात आणि पाण्यात दिलेला तो वेळ मला नियमाइतकाच मोलाचा वाटतो. दिवसभर धरत आणि सोडत राहणं मात्र मला पटत नाही.

परतताना बोर्नडेलला थांबलो. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला चढणाऱ्या हेरिंगसाठी तिथे पायऱ्यांची वाट आहे. हेरिंग म्हणजे स्ट्रायपरचं आवडतं खाद्य, आणि 2006 मध्ये या राज्यात ते धरायलाही बंदी आली.

“मामा, आपल्याकडे आहे का असं काही?” भाच्याने विचारलं. आहे. पावसाळ्यातली बंदी जुनीच, आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट 135 मिलिमीटरच्या आतलं धरायचं नाही. त्याला ते ठाऊक नव्हतं. मी त्याला बोट आणि अंगठा ताणून अंदाजे लांबी दाखवली. आमच्या बंदरावरच्या भिंतीवर ती माशाच्या चित्रासह, खऱ्या मापात रंगवून घ्यावी, असा अर्ज मी गेल्या गेल्या ग्रामपंचायतीत देणार आहे.