सैल हातमोजे

चित्रकला शिकवताना वीसेक वर्षं मी एक चित्र मुलांपुढे चुकांचा नमुना म्हणून धरत आलो. अँग्र या फ्रेंच चित्रकाराचं 'मादमोआझेल कॅरोलिन रिव्हिएर', साल १८०६. मान नको तितकी लांब, खांदे उतरते, डोळे एकमेकांपासून दूर. तिच्या पोशाखाबद्दल तर मनात अढीच होती. श्रीमंताची पोर नटवून उभी केली आहे, एवढंच मला त्यात दिसायचं.

मी चुकलो होतो. हे मी वर्गात सांगितलं आहे, आता इथेही सांगतो.

गेल्या वर्षी शाळेत दहावीचा निरोप समारंभ होता. माझी एक विद्यार्थिनी आईची पैठणी नेसून आली होती. ब्लाउज आईचाच, पाठीला सेफ्टी पिना लावून आवळलेला. पदर दोन्ही हातांवर असा धरलेला, जणू परत द्यायची वस्तू सांभाळते आहे. मान ताठ, नजर थेट. तिला बघितलं आणि मला कॅरोलिन आठवली. घरी येऊन पुस्तक उघडलं.

कॅरोलिनचा वेश मी पहिल्यांदाच नीट पाहिला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथल्या बायकांनी फुगीर घागरे टाकून दिले आणि ग्रीक-रोमन पुतळ्यांसारखे छातीखाली बांधलेले, सरळ खाली पडणारे पांढरे झगे घातले. त्यासाठी बंगालची तलम मलमल नावाजलेली. पॅरिसची थंडी मात्र त्या कापडाला जुमानत नव्हती, म्हणून वर शाली, फर, लांब हातमोजे. अँग्रनेच काढलेल्या कॅरोलिनच्या आईच्या चित्रात अंगावर काश्मिरी शाल आहे. त्या शालीत आई रेलून, निवांत बसली आहे.

मुलगी उभी आहे. वय पंधराच्या आतबाहेर. अर्मिन नावाच्या प्राण्याच्या पांढऱ्या फरचा लांब पट्टा दोन्ही हातांवरून ओघळतो आहे. हातमोजे पिवळसर, लांब, आणि त्यांना सुरकुत्या आहेत. त्या सुरकुत्या अँग्रने एकेक करून रंगवल्या. मोजे घट्ट बसलेले दाखवणं त्याला अवघड नव्हतं. त्याने तसं केलं नाही. बाईचे कपडे मुलीच्या हातावर जसे बसले, तसेच त्याने ठेवले. मग ती मान, ते अजून न भरलेले खांदेही मला वेगळे दिसू लागले. ज्याला मी रेखाटनाची चूक म्हणत होतो, ते त्या वयाचं अवघडलेपण आहे, असं आज माझं मत आहे. मागे नदी आणि फिकट आभाळ आहे. समोर ती, ओठ मिटून.

१८०६ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात टीकाकारांनी अँग्रच्या चित्रांना जुनाट, 'गॉथिक' म्हणून नावं ठेवली. मीही त्यांच्याच रांगेत वीस वर्षं उभा राहिलो, आणि कितीतरी मुलांना तिथे उभं केलं. त्यांतल्या कुणी हे वाचलं, तर ते चित्र पुन्हा समोर घेऊन बघा. आधी हातमोजे बघा, मग चेहरा.

कॅरोलिन १८०७ मध्ये गेली. आई, वडील आणि ती, अशी अँग्रने काढलेली तिघांची चित्रं घरातच राहिली, आणि पुढे एकत्रच लूव्ह्र संग्रहालयात आली.