विकूं नये

आजोबांनीं घर माझ्या नांवें केलें, त्या बक्षीसपत्रांत शेवटीं एक ओळ होती : 'हें घर कधींही विकूं नये.' मुलाच्या आजारपणांत पैशाची निकड पडली, तेव्हां तो कागद घेऊन मी वकिलांकडे गेलों. ते म्हणाले, "ही अट निरर्थक आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें दहावें कलम पाहा. विकण्यास सर्वस्वी बंदी घातली, तर बंदी तेवढी रद्द होते. देणगी कायम राहते."

मला हायसें वाटलें, आणि लाजही वाटली. आजोबा दिवाणी कोर्टांत शिरस्तेदार होते. हें कलम त्यांना ठाऊक नसेल, हें संभवत नाहीं. मग ती ओळ त्यांनीं कोर्टासाठीं लिहिलीच नव्हती !

घर विकलें. मुलगा बरा झाला. मूळ बक्षीसपत्र मात्र खरेदीदाराच्या स्वाधीन करावें लागलें.