घराआधी शेजार

महिनाभर आमच्या फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. मधोमध उभी रेघ; डावीकडे ‘फायदे’, उजवीकडे ‘तोटे’. वर ह्यांच्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला आहे, टेनेसी.

आमचं मूळ गाव श्रीवर्धन तालुक्यातलं. गेली अकरा वर्षं आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहतो. घरात आम्ही दोघं, दहावीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळे अम्मीच म्हणतो. घर दोन बेडरूमचं, भाड्याचं. भाडं दर वर्षी वाढतं आणि मुलं तर रोजच वाढतात. बैठकीच्या खोलीत पडदा लावून अम्मींची जागा केली आहे. त्या तक्रार करत नाहीत, पण तहज्जुदला उठतात तेव्हा दिवा लावत नाहीत. नातवाची झोप मोडू नये म्हणून अंधारातच मुसल्ला अंथरतात. ते पाहिलं की मला अपराधी वाटतं.

यंदा ह्यांच्या कंपनीने घरून काम करायला कायमची परवानगी दिली. पगार तोच, राहा कुठेही. त्याच आठवड्यात ह्यांच्या एका मित्राचा फोन आला. तो दोन वर्षांपूर्वी टेनेसीत, नॅशव्हिलजवळच्या मर्फ्रीसबरो शहरात गेला. म्हणाला, “तुम्ही भाडं भरता तेवढ्यात इथे चार खोल्या आणि अंगण मिळेल. या ना!”

अशी वाट धरणारे आम्ही एकटे नाही. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा महागड्या राज्यांतून कितीतरी कुटुंबं टेक्सास, टेनेसी, जॉर्जिया, कॅरोलायना अशा दक्षिणेकडच्या स्वस्त राज्यांत गेली आहेत. आम्हीही कागद घेऊन बसलो.

डावी बाजू भराभर भरली. टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही. न्यू जर्सीत तो आहेच, शिवाय इथला घरांवरचा मालमत्ता कर सगळ्या अमेरिकेत सर्वांत जड मानला जातो. वर्षाला सरासरी दहा हजार डॉलरच्या आसपास! आम्ही तिकडे पाहिलेल्या घराचा कर दोन हजारांच्या घरात होता.

पण मला खरा मोह वेगळ्याच गोष्टीचा होता. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, हे आम्ही लग्नाच्या वर्षीच ठरवलं होतं. अमेरिकेत बिनव्याजी भागीदारीने घर देणाऱ्या संस्था आहेत. घर दोघांच्या मालकीचं. आपण त्यांच्या हिश्श्याचं भाडं देत देत तो हिस्सा विकत घ्यायचा. या करारांबद्दलही उलेमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून जितका हिस्सा सुरुवातीलाच आपला तितकं मन निवांत. अकरा वर्षांत आम्ही काटकसरीने दीड लाख डॉलर साठवले आहेत. इथे साधं घर साडेसहा लाखांचं, म्हणजे आमचा हिस्सा चौथाईसुद्धा नाही. तिथे पाहिलेलं जुनं, छोटं घर सव्वातीन लाखांचं होतं, त्यात आमचे जवळपास निम्मे. इथे तीस वर्षांची फेड, तिथे दहा वर्षांत सुटका. हे गणित मांडलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

उजवी बाजू मात्र हळूहळू भरत गेली. न्यू जर्सीत किराण्यावर बहुतांशी विक्रीकर नाही. टेनेसीत तांदूळ, दूध, भाजीवरही राज्याचे 4 टक्के आणि वर स्थानिक कर, मिळून मर्फ्रीसबरोत पावणेसात टक्के. इतर वस्तूंवर पावणेदहा. आयकर वाचला खरा, पण सरकार दुकानाच्या गल्ल्यावर उभं आहे. मी इथे एका शाळेच्या भोजनगृहात अर्धवेळ काम करते. न्यू जर्सीत किमान वेतन तासाला 15 डॉलरच्या वर आहे. टेनेसीला स्वतःचा असा कायदाच नाही. तिथे केंद्राचा 2009 पासूनचा सव्वासात डॉलरचा दर लागू. प्रत्यक्षात दुकानदार जास्त देतात, पण माझ्या पाठीशी कायद्याचा आधार तेवढाच.

आजारपणाचंही तसंच. गरिबांसाठीची मेडिकेड योजना वाढवायला न्यू जर्सीने होकार दिला, टेनेसीने दिला नाही. ह्यांची नोकरी आहे तोवर कंपनीचा विमा आहे. उद्या ती गेली, तर इथे आधार मिळणं सोपं; तिथले नियम कडक. अम्मींना ग्रीन कार्ड मिळून तीनच वर्षं झाली. मेडिकेअर विकत घेता यायला पाच वर्षं थांबावं लागतं, ते मात्र दोन्हीकडे सारखंच.

शिवाय तिथे गाडीवाचून पाऊल हलत नाही. इथे अम्मी चालत मशिदीत जातात, इंडिया स्क्वेअरला भाजी आणतात, वाटेत गुजराती बाईंशी हिंदीत अर्धा तास बोलतात. तिथे त्यांना कोणीतरी सोडायला हवं. भारतात जायचं तर इकडून थेट विमान आहे, नॅशव्हिलहून बदलावं लागतं. आणि चक्रीवादळं! 3 मार्च 2020 च्या मध्यरात्री आलेल्या वादळांनी टेनेसीत 25 जणांचा जीव घेतला. आम्ही पाहिलेल्या एकाही घराला तळघर नव्हतं. भोंगा वाजला की खालच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसायचं, असं मित्राच्या बायकोने सांगितलं. तिने न्हाणीघरात पाण्याच्या बाटल्या आणि बॅटरी ठेवली आहे.

मुलीने कागदाला हात लावला नव्हता. एका रात्री भांडी पुसताना म्हणाली, “मम्मी, इथे माझ्या वर्गात हिजाब घालणाऱ्या आम्ही सहा जणी आहोत. तिथे मी एकटीच असले तर? मला रोज सगळ्यांना समजावत बसावं लागेल का?” यावर मी काय उत्तर देणार?

म्हणून मी मर्फ्रीसबरोची माहिती काढली. 2010 साली तिथल्या मुस्लिमांना नवी मशीद बांधायची परवानगी मिळाली आणि गाव दुभंगलं. फलक मोडला गेला, बांधकामाच्या यंत्रांना आग लावली गेली. काही रहिवासी कोर्टात गेले. इस्लाम हा धर्मच नाही, असा युक्तिवाद तिथे झाला. तेव्हा अमेरिकेच्या न्याय खात्याला तो धर्म आहे असं कोर्टाला लेखी कळवावं लागलं. शेवटी केंद्रीय न्यायालयाच्या आदेशाने ऑगस्ट 2012 मध्ये, रमजानच्या एका जुम्याला मशीद उघडली. पुढे कब्रस्तानावरूनही वाद झाला.

त्याच 2010 च्या उन्हाळ्यात, त्याच राज्यात, मेम्फिसजवळच्या कॉर्डोव्हात दुसरी मशीद बांधली जात होती. समोरच्या चर्चने रस्त्यावर स्वागताचा फलक लावला. मशिदीचं काम रमजानपर्यंत पुरं झालं नाही, तेव्हा चर्चने आपलं सभागृह नमाजासाठी दिलं. राज्य एक आणि उन्हाळाही तोच. ‘दक्षिणेतले लोक असेच’ हे वाक्य त्या दिवसापासून मी सोडून दिलं.

शाळेच्या सुट्टीत आम्ही पाचही जण चार दिवस तिकडे जाऊन आलो. जुम्याला त्याच मशिदीत गेलो. नमाजानंतर एका वयस्कर अरब बाईंनी अम्मींचा हात धरून शेजारी बसवलं. भाषा कळेना, तरी दोघी हसत होत्या. मी एका बाईंना वादाच्या दिवसांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “भीती होती. पण त्या दिवसांत ओळख नसलेले ख्रिस्ती शेजारीही आमच्या बाजूने उभे राहिले. आपले कोण, हे आम्हाला तेव्हा कळलं.” माझ्या मुलीने हळूच विचारलं, “शाळेत त्रास होतो का?” त्यांची मुलगी म्हणाली, “कधी कधी होतो. माझ्या दोन मैत्रिणी चर्चला जातात, त्या माझ्याआधी भांडतात.” दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलच्या दक्षिण भागात कुर्दांच्या वस्तीत गेलो. अमेरिकेतली कुर्दांची सर्वांत मोठी वस्ती ती. सद्दामच्या जुलमातून पळून आलेली माणसं. भट्टीतली गरम रोटी, हलाल मटण, मशीद, सगळं त्यांनी उभं केलं. अम्मींनी रोटी मोडून पाहिली आणि म्हणाल्या, “चांगली आहे. पण तांदळाची भाकरी ती भाकरी!”

परतीच्या विमानात मी अम्मींना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी लग्न होऊन तुमच्या गावी आले तेव्हा कुणी कागदावर रेघ मारली नव्हती. तुझे सासरे बोटीवर, दोन दोन वर्षं येत नसत. शेजारच्या बायकांनी मला जगवलं. घर मोठं असो की लहान, मी आजारी पडले तर दार वाजवायला कोण येणार, आणि मेले तर गुस्ल द्यायला चार बायका मिळणार का, तेवढं सांग.”

घराआधी शेजारी पाहावा, अशी अरबीत म्हण आहे. आम्ही महिनाभर घरच पाहत होतो. कागदावर जे लिहिलं ते सगळं डॉलरमध्ये मोजता येत होतं. जर्सी सिटीतलं चालत जाण्याजोगं जग आमच्या आधी आलेल्या माणसांनी उभं केलं होतं. आम्हाला ते तयार मिळालं. तिथे ते अजून उभं राहतं आहे. आपण गेलो तर वाचलेल्या पैशाबरोबर वेळही द्यावा लागेल. शाळेच्या सभांना, शेजाऱ्याच्या अंगणात, मशिदीच्या स्वयंपाकघरात हजर राहावं लागेल. नुसतं स्वस्त घर घेऊन दार लावून बसलो, तर अम्मी आणि मुलगी दोघी एकट्या पडतील.

आम्ही इस्तिखारा केला आणि एवढंच ठरवलं : जूनमध्ये शाळा संपल्यावर एक वर्षासाठी तिकडे भाड्याने राहायचं, मशिदीपासून जवळात जवळ. साठवलेल्या दीड लाखाला हात लावायचा नाही. वर्षाने घर घ्यायचं की परतायचं, ते पाच जणांनी मिळून ठरवायचं. मुलीचं मत मोठ्यांइतकंच धरायचं, हे मी तिला कबूल केलं आहे.

कागद अजून फ्रिजवरच आहे. काल पाहिलं तर उजव्या बाजूला मुलीने लिहिलं होतं, ‘सहा मैत्रिणी’. डाव्या बाजूला तिच्याच अक्षरात, ‘दादीला स्वतःची खोली’. वाचक भगिनींनो, आमच्यासाठी दुआ करा.