मागच्या बैठकीवरून मालवण

मोटरसायकल ही मुळात एकट्या माणसाची हौस, आणि प्रपंच दोघांचा. या दोहोंची सांगड घालताना मध्यमवर्गीय गृहस्थाची कशी तारांबळ उडते, हे अनुभवी वाचकांस सांगायला नकोच. आम्ही कोल्हापूरचे, सौभाग्यवतींचे माहेर मालवण तालुक्यात, आचऱ्याला. दिवाळीची सुट्टी लागली की तिकडे जायचे, हा वीस वर्षांचा शिरस्ता. मात्र गेली दोन वर्षे मी माझ्या जुन्या मोटरसायकलीवरून जाई आणि ती एस.टी.ने येई. मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून घरात आम्ही दोघेच उरलो; त्या दोघांनीही एकाच गावाला दोन वाटांनी जावे, हे मनाला बरे वाटेना. म्हणून दोघांना नेईल अशी नवी गाडी घ्यायचे ठरले.

परीक्षेची सोय आचऱ्यातच होती. मेहुण्याकडे हिमालयन 450, आणि त्याच्या शेजाऱ्याकडे क्लासिक 350. दोन्ही एकाच घराण्यातल्या. हे घराणे मूळचे इंग्लंडातल्या रेडिचचे. 1955 साली ते मद्रासला आले आणि इथलेच झाले. आमच्या वडिलांच्या पिढीला बुलेट ठाऊक होती ती अशी. 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यातून जावा निघू लागली, तेव्हा तरुण मंडळींत दोन पक्ष पडले म्हणतात. मी त्या वादात पडत नाही. मराठीच्या प्राध्यापकाला पक्ष कमी नाहीत.

पहिल्या दिवशी सकाळी हिमालयन घेऊन एकटाच निघालो. आचऱ्याहून मिठबाव, तेथून कुणकेश्वर आणि पुढे देवगड. हा किनाऱ्याकिनाऱ्याचा रस्ता म्हणजे चढ, उतार, खाडीवरचा पूल, पुन्हा चढ. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वळणापलीकडे बैलगाडी आहे की डंपर हे देवालाच ठाऊक. पावसाने उखडलेल्या डांबरावर ही गाडी अशी चालते की खड्डा आला होता हे मागाहून कळते. कुणकेश्वराच्या देवळामागे समुद्र उसळत होता. मनात म्हटले, हीच घ्यावी.

मेहुण्याने माझा चेहरा ओळखला असावा. तो म्हणाला, “भावोजीनू, आदी बायेक मागे बसवन बघा, मगे काय ता ठरवा.”

दुसऱ्या दिवशी दोघे मालवणकडे निघालो. हिमालयनची बैठक जमिनीपासून 825 मिलिमीटर, आणि माझी उंची बेताची. एकटा असताना एक पाय टेकला की भागते. पण मागचे माणूस चढत असते तेव्हा गाडी त्याच्या बाजूला ओढ घेते, आणि त्या क्षणी चालवणाऱ्याचे दोन्ही तळवे जमिनीवर घट्ट लागतात. माझे चवडेच टेकत होते. सौभाग्यवतींना चढायला शेवटी गडग्याचा आधार घ्यावा लागला. “अहो, वाटेत प्रत्येक ठिकाणी गडगा मिळेलच का?” हा तिचा प्रश्न बिनतोड होता.

परतल्यावर शेजाऱ्याची क्लासिक मागून घेतली. बैठक 805 मिलिमीटर. वीस मिलिमीटर म्हणजे बोटभर अंतर. पण माझे तळवे टेकले आणि ती आपली आपण चढून बसली. वजनात दोघी सारख्याच, एक 196 किलो आणि दुसरी 195. कागदावर वजन वाचून काही कळत नाही. ते कुठे उभे राहून तोलायचे, हे कळावे लागते.

मागे माणूस बसले की गाडी निराळीच होते, हे मात्र खरे. ब्रेक लागायला लांबी जास्त लागते. घाट उतरताना मागचा भार पुढच्याच्या पाठीवर येतो, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच वेग आवरू द्यावा. मागच्या चाकाची हवा दोघांसाठी वेगळी भरायची असते, आणि मागच्या स्प्रिंगा आवळायची सोय असते तीही वापरायची असते. कित्येक गाड्यांची ती सोय कारखान्यातून आली तशीच भंगारात जाते. मागच्याला धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि अर्ध्या चाकाला जाळी, ही सारी कायद्याने सक्तीची आहेत. तरुण मंडळी शोभेसाठी जाळी काढून टाकतात, आणि मग पदर किंवा ओढणी चाकात जाते. हेल्मेटही कायद्याने दोघांना. सौभाग्यवतींनी पंजाबी पोशाख घातला आणि दोहीकडे पाय टाकून बसल्या. एका बाजूने बसून फोंडाघाट उतरणे हे मला तरी पाहवत नाही.

संध्याकाळी तारकर्लीवरून देवबागेपर्यंत गेलो. एका हाताला कर्लीची खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. कडेला वाऱ्याने रेती आणून टाकलेली असते. तिच्यावर पुढचा ब्रेक दाबू नये. मी रेतीकडे पाहत होतो, ती समुद्राकडे. “ती बघा, होड्या परतल्या,” असे ती मागून सांगत गेली, म्हणून मलाही थोडे दिसले.

खड्ड्यांत क्लासिक हिमालयनइतकी मऊ नाही. एकट्याने लांब जायचे असते तर मी निराळी निवड केली असती, आणि एकटा जाणाऱ्याने ती खुशाल करावी. खारी हवा मात्र दोघींनाही सारखीच खाते. साखळी धुऊन तेल घालण्याचे काम कोणत्याही गाडीने सुटत नाही.

गाडी ठरली. राहिला रंगाचा प्रश्न. मला काळी हवी होती. “तांबडी घ्या,” सौभाग्यवती म्हणाल्या, “आमच्या कोकणातली धूळ दिसायची नाही.”