ऑल्टोकडून टेनरकडे

सॅक्सोफोन हे एक वाद्य आहे, अशी ते न वाजवणाऱ्यांची समजूत असते. वस्तुतः ते एक कुटुंब आहे. बेल्जियममधील दिनाँ या गावी १८१४ साली जन्मलेल्या आडॉल्फ साक्स या कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतले, ते लहानमोठ्या भावंडांच्या साऱ्या घराण्याचे. त्यांतील ऑल्टो आणि टेनर ही दोन भावंडे आमच्या वसईकडच्या लग्नांच्या बँडांमुळे आपल्या परिचयाची आहेत. दोहोंवर बोटे सारखीच पडतात. त्यामुळे एक येणाऱ्याला दुसरे आपोआप येते, असे श्रोते धरून चालतात आणि पुष्कळदा घरचेही.

आम्ही अकरावीत होतो, साल १९८६. तोवर चार वर्षे आम्ही ऑल्टो वाजवत होतो. आमचे मास्तर मूळ गोव्याचे. बोलण्यात कोकणी आणि मराठी यांची सरमिसळ, शिस्तीत मात्र कसलीही सरमिसळ नाही. लग्नसराईत बँडमध्ये वाजवून जे पैसे मिळत त्यांतून आमची कॉलेजची फी निघे. बँडमध्ये ऑल्टोकडे बहुधा मुख्य चाल असते. मनोहारी सिंग यांच्या सॅक्सोफोनने हिंदी चित्रपटगीतांत जे घर केले होते, त्यामुळे मांडवातले लोक त्या सुरावटींची फर्माईश करीत आणि वाजवणाऱ्याकडे वळून पाहत. सोळाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवे असते?

त्या वर्षी पावसाळ्यानंतर आमच्या टेनरवाल्याला आखातात नोकरी लागली. लग्नसराई तोंडावर आलेली. मास्तरांनी आमच्या उंचीकडे आणि हातांच्या लांबीकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, “पुता, उद्यापासून तू टेनर.” जाणाऱ्याने वाद्य उसने ठेवले होते, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. घरी बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांच्या मनात एक हिशेब क्षणात पुरा झाला. धाकटा भाऊ बारा वर्षांचा होता. टेनर त्याला पेलवला नसता, ऑल्टो मात्र पेलवला असता. दुसरे वाद्य विकत घेणे वाडीच्या उत्पन्नात बसणारे नव्हते. म्हणजे एका घरात दोन वादक, तेही एक पैसा खर्च न करता! हिशेब बिनतोड होता. आम्हांला कोणी विचारले नाही एवढेच.

पहिला आठवडा केवळ शरीराचा होता. ऑल्टो दोन-अडीच किलोंचा, टेनर तीन किलोंच्या वर. गळपट्टा मानेत रुतत असे आणि उजव्या अंगठ्याला घट्टा पडला. टेनरची मान हंसासारखी वळलेली, माउथपीस मोठा, रीड रुंद. ऑल्टोच्या सवयीने ओठ आवळावेत तर टेनर चढा आणि चिरका बोलतो. ढिले सोडावेत तर खालचे स्वर घोगरे होऊन डळमळू लागतात. मास्तरांनी वाद्य काढून घेतले आणि नुसता माउथपीस हाती दिला. ऑल्टोचा माउथपीस नुसता फुंकला तर साधारण ‘ए’ हा स्वर यावा, टेनरचा फुंकला तर ‘जी’. आम्ही फुंकत होतो आणि ‘ए’च्याही वर जात होतो. तो ‘जी’ येईपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही, असा हुकूम. त्याला नऊ दिवस लागले. आईने त्या नऊ दिवसांत कानांत कापूस घालून स्वयंपाक केला.

त्यानंतर डोक्याची पाळी आली. चर्चमधील ऑर्गनवादकाची वही पाहून वाजवण्याची आमची जुनी सवय. ऑल्टो ‘ई फ्लॅट’चा असल्यामुळे वहीत ‘सी’ दिसला की आमची बोटे ‘ए’वर पडत. हे भाषांतर इतके मुरले होते की ते भाषांतर आहे याचाही विसर पडला होता. टेनर ‘बी फ्लॅट’चा. आता तोच ‘सी’ दिसला की ‘डी’ वाजवायचा, आणि तो ऐकू यायचा एक सप्तक खाली. डोळे एक सांगत, बोटे दुसरे करीत, आणि कानाला भलतेच काही ऐकू येई. परक्या मुलखात राहून आलेल्या माणसाचे आपल्याच भाषेत जसे शब्द अडखळतात, तशी आमची अवस्था झाली होती. कोणत्याही क्लिष्ट चालीपेक्षा साधी, लहानपणापासून पाठ असलेली गीतेच अधिक छळत.

मास्तरांनी एकदा सांगितले की ‘टेनर’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘तेनेरे’ या क्रियापदावरून आला. अर्थ, धरून ठेवणे. मध्ययुगीन चर्चसंगीतात अनेक आवाज एकत्र गाऊ लागले तेव्हा ग्रेगोरियन गायनाची मूळ चाल ज्या आवाजाने लांबवून धरून ठेवायची तो टेनर. बाकीचे त्याच्याभोवती फिरत. हे ऐकायला मोठे भारदस्त वाटते. पण लग्नाच्या मांडवात तासभर खालचे दुय्यम स्वर धरून उभे राहणाऱ्याला त्याचे फारसे समाधान नसते. आमच्याकडे आता कोणी वळून पाहत नव्हते.

पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीत मात्र आम्हांला टेनर प्रथम आवडला. बँडला मंदिराबाहेरच्या मिरवणुकीत स्थान मिळणे ही जुनी गोष्ट आहे. दहावे पायस यांनी १९०३ सालच्या आदेशात मंदिरात बँड वाजवण्यास सक्त मनाई केली, परंतु बाहेरच्या मिरवणुकांना लौकिक चाली न वाजवण्याच्या अटीवर मुभा ठेवली. त्या संध्याकाळी अरुंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंतींमधून आमचा खालचा स्वर परत आमच्याकडे येत होता. गाणाऱ्या बायाबापड्या त्यावर पाऊल ठेवून चालल्यासारख्या गात होत्या.

घरी धाकट्याची प्रगती आमच्यापेक्षा झपाट्याने होत होती, हे येथे नमूद केले पाहिजे. आमच्याच वाद्यावर, आम्ही बसवलेल्या चाली तो आमच्याहून गोड वाजवी. भिंतीपलीकडून ते ऐकताना होणारा त्रास आम्ही कोणाला सांगितला नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की जॉन कोलट्रेन हेही प्रथम ऑल्टो वाजवत. १९४७ च्या सुमारास ते ज्या बँडमध्ये गेले तिचे प्रमुख एडी व्हिन्सन स्वतः ऑल्टोवादक होते, म्हणून कोलट्रेन यांच्या वाट्याला टेनर आला. एवढ्या थोर वादकाच्या बाबतीतही कारण जागेचेच, हे वाचून आम्हांला हसू आले. भिंतीपलीकडच्या त्या संध्याकाळी हे ठाऊक असते, तरी त्रास कमी झाला नसता.

धाकटा पुढे वादनावर पोट भरू लागला. आम्ही बँकेत लागलो आणि टेनर सणासुदीपुरता उरला. आखातातून परत आलेल्या मालकाने तो आम्हांलाच हप्त्याने विकला.

बाबा २००३ सालच्या जूनमध्ये गेले. अंत्ययात्रेत बँड होता आणि आम्ही दोघे भाऊ त्यात उभे होतो. चाल त्याच्याकडे, खालचे स्वर आमच्याकडे. दफनभूमीच्या फाटकाशी दुसऱ्या कडव्यात त्याचा श्वास तुटला आणि ऑल्टो थांबला. क्लॅरिनेटवालेही गोंधळून गप्प झाले. ती चाल आम्हांला पाठ होती. पण आम्ही ती उचलली नाही. जो स्वर वाजत होता तोच धरून ठेवला, श्वास चोरून पुन्हा घेतला, पुन्हा धरला. लोक चालत राहिले. मग ओळीच्या मध्यावरच, जेथे सुटली होती तेथूनच, त्याने चाल पुन्हा हाती घेतली.