दहा चालींचा डाव

सांगलीतल्या रेटिंग स्पर्धेत दुसऱ्या फेरीत मला दहाव्या चालीला मात बसली. समोर सातवीतली मुलगी होती. सगळा हॉल विचारात गढलेला आणि मी नोंदीच्या कागदावर सही करून बाहेर. चहासुद्धा नको वाटला.

मी काळ्याकडून होतो. तिचा उंट सी४ वर, माझे दोन्ही घोडे बाहेर. तिने घोडा जी५ ला आणला. आता माझ्या एफ७ च्या प्याद्यावर दोघांचा मारा. मी डी५ ला प्यादं ढकललं. तिने ते मारलं, मी घोड्याने परत मारलं. तिने घोडा एफ७ वर देऊनच टाकला. राजाने तो घेतला, वजिराचा शह आला आणि मी घाबरून राजा जी८ ला पळवला. पुढच्या तीन चालींत खेळ आटोपला.

घरी मोबाइलवरच्या इंजिनने सांगितलं, राजा ई६ ला हवा होता. मी तेवढंच पाठ केलं. तेवढंच पाठ करणं मला महागात पडलं. महिन्याभराने दुसऱ्या स्पर्धेत तीच सुरुवात आली, पण समोरच्याने घोडा दिलाच नाही. आधी डी४ ला प्यादं पुढे केलं. पुढे काय करायचं ते मला कळेना. पुन्हा हरलो.

मग क्लबातल्या काकांकडे गेलो. त्यांनी मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि पट मांडला. म्हणाले, “प्रत्येक चालीच्या वेळी तुझ्या मनात काय होतं, ते आधी लिही.” पाचव्या चालीपुढे मी लिहिलं, ‘प्यादं परत मिळतंय.’ काकांनी तिथेच बोट ठेवलं. “राजाचं नंतर बघू. डाव इथे बिघडला.”

तिथे घोडा ए५ ला न्यायचा, थेट उंटावर. उंट बी५ वरून शह देतो, आपण सी६ ला प्यादं आडवं घालायचं. मारामारीनंतर एक प्यादं कमी राहतं. पण पांढऱ्याच्या उंटाला आणि घोड्याला मागे फिरावं लागतं, तोवर आपले उंट-हत्ती कामाला लागतात. प्यादं सोडून द्यायला मन तयार व्हायलाच मला पंधरा दिवस लागले.

एफ७ वरच्या त्या घोड्याच्या बळीला ‘फ्राइड लिव्हर’ म्हणतात. इटलीतल्या पोलेरिओच्या नावावर असा डाव चारशे वर्षांपासून आहे. हे ऐकून जरा हलकं वाटलं.

आता वहीत डावीकडे चाल लिहितो, उजवीकडे त्या वेळचा विचार. इंजिन सगळ्यात शेवटी. गेल्या रविवारी क्लबात घोडा ए५ ला नेला. एकतिसाव्या चालीला बरोबरी झाली.