उरलेले चार सामने

फुटबॉल हा निव्वळ धसमुसळेपणाचा खेळ, असें कोणी म्हटलें म्हणजे मला इटलीच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचा १९४८-४९ चा हंगाम आठवतो. तोरिनो संघ अग्रस्थानीं होता. त्याचे अवघे चार सामने उरले होते. ४ मे १९४९ रोजीं लिस्बनहून परततांना संघाचें विमान दाट ढगांत तुरिनजवळच्या सुपेर्गा टेकडीवरील प्रार्थनामंदिरामागील भिंतीवर आदळलें. ३१ माणसें गेलीं. त्यांत १८ खेळाडू. कर्णधार व्हालेंतिनो माझ्झोलाहि गेला. त्याचा सांद्रो तेव्हां सहा वर्षांचा होता. पुढें तोहि नामांकित खेळाडू झाला.

विजेतेपद तोरिनोसच देण्यांत आलें. तरीहि उरलेले सामने झाले. तोरिनोनें आपले कुमार खेळाडू उतरविले. तेव्हां जेनोआ, पालेर्मो, सांप्दोरिया व फियोरेंतिना या चारहि संघांनीं आपले कसलेले गडी बाजूस ठेवून कुमारच पाठविले. चारहि सामने तोरिनोच्या पोरांनीं जिंकले.

ज्या घरीं मृत्यु झाला तेथें चूल पेटत नाहीं. शेजारी पिठलेंभात घेऊन येतात. त्यानें दुःख हलकें होत नाहीं, पण घर एकटें पडत नाहीं. त्या चार संघांनीं मैदानावर हाच शेजारधर्म पाळला, असें मला वाटतें.